आधी साठा बघू, दराचं नंतर बोलू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या वीज कंपनीच्या क्षेत्रात वीसेक मोठे ग्राहक आहेत: सिमेंट, पोलाद, शीतगृहं, पाणीपुरवठा. संध्याकाळी दोन-तीन तास यंत्रणेवर ताण येतो, आणि त्यात आता एका डेटा सेंटरचा भलामोठा अर्ज येऊन पडलाय. 'पीकच्या (सर्वाधिक मागणीच्या) वेळी भार कमी करा, बिलात सवलत देऊ' असं पत्र सगळ्या ग्राहकांना गेलं. उत्तर दोघांचंच आलं. आता पुढे काय करायचं?

मी आधी नियंत्रण कक्षात होतो, नंतर बरीच वर्षं मोठ्या ग्राहकांचं काम बघितलं. तुमचं पत्र कुणाच्या टेबलावर गेलं असेल हे मी न बघता सांगू शकतो. ते लेखा विभागात गेलं. तिथल्या माणसाला वीजबिल कळतं, मिल कळत नाही. त्याने उत्पादन विभागाला फोन करून विचारलं असेल, "अहो, संध्याकाळी तीन तास बंद ठेवता येईल का?" आणि तिकडून जे उत्तर आलं असेल ते इथे लिहिण्यासारखं नाही. चूक त्या दोघांचीही नाही. आपण प्रश्नच चुकीचा विचारला.

'किती मेगावॅट कमी कराल?' असं कारखान्याला विचारलं की उत्तर 'शून्य' येतं. त्याऐवजी 'तुमच्याकडे साठा कशाचा आहे आणि किती तासांचा?' असं विचारा. भार हलतो तो विजेमुळे नाही, साठ्यामुळे हलतो. सायलोत (साठवणीच्या उंच कोठीत) माल असेल, टाकीत पाणी असेल, खोलीत थंडावा असेल, किंवा कामाच्या यादीत उद्या केलं तरी चालेल असं काही असेल, तर तेवढा वेळ त्याच्या आधीचं यंत्र थांबू शकतं. साठा नसेल तर कितीही सवलत दिली तरी ते थांबणार नाही, आणि थांबवायला लावलंत तर ते भारनियमनच झालं, नाव काहीही द्या.

सिमेंटचं उदाहरण घेतो, कारण तिथे हे डोळ्यांनी दिसतं. भट्टी थांबवता येत नाही. ती तापलेली असताना फिरायची थांबली तर तिचं कवच स्वतःच्या वजनाने वाकतं, म्हणून मुख्य वीज गेली तरी सहायक इंजिनावर ती हळूहळू फिरवत ठेवतात. पण भट्टीच्या आधी कच्चा माल दळणारी मिल आहे आणि भट्टीनंतर क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारे भाजलेले गोळे, दळणारी. कारखान्याची निम्म्याहून जास्त वीज या दळणातच जाते. दोन्हींच्या मध्ये आणि पुढे सायलो आहेत, क्लिंकरचे ढीग आहेत. म्हणजे भट्टी चालू ठेवून मिल दोन-तीन तास सहज थांबते, फक्त सायलोची पातळी दुपारपासून चढती ठेवायला हवी. मी एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये पहिल्यांदा गेलो, तेव्हा व्यवस्थापक मला बैठकीच्या खोलीत सादरीकरण दाखवत होते आणि 'आमच्याकडे काही हलत नाही' असं सांगत होते. चहाच्या वेळी मी शिफ्टच्या ऑपरेटरजवळ जाऊन बसलो. तो म्हणाला, "साहेब, मिल तर आम्ही तशीही आठवड्यातून दोनदा थांबवतो, सायलो भरला की. फक्त कधी थांबवायची ते आम्हाला कुणी विचारत नाही." ज्या लवचिकतेसाठी आम्ही सल्लागार नेमायच्या बेतात होतो, ती रोज घडत होती. चुकीच्या वेळी, इतकंच.

तेव्हापासून माझा नियम आहे: पहिल्या भेटीत बटण दाबणारा माणूस खोलीत नसेल तर बैठक पुढे ढकलायची.

पोलादाच्या आर्क फर्नेसचं, म्हणजे भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीचं गणित वेगळं. एक हीट, म्हणजे वितळवण्याचा एक घाणा, साधारण तासाभराची. हीट अर्ध्यात असताना 'आत्ता कमी करा' म्हणालात तर अर्धवट वितळलेलं भंगार, वाया गेलेली उष्णता आणि चिडलेला फोरमन हाती येईल. पण दोन हीटच्या मध्ये पुढची हीट उशिरा सुरू करता येते, फक्त पुढे कास्टिंग मशीन सलग चालू असेल तर त्याची साखळी तुटणार नाही हे बघून. म्हणून अशा कारखान्याशी सूचनेचा वेळ मिनिटांत ठरवू नका, हीटमध्ये ठरवा: 'एक हीट आधी सांगू.' करारात हे वाक्य विचित्र दिसतं, आमच्या विधी विभागाने दोनदा खोडलं होतं. पण ज्याला ते पाळायचं आहे त्याला ते लगेच कळतं.

शीतगृहाबद्दल सगळ्यांना वाटतं की हे सोपं. दुपारी जास्त थंड करून ठेवा, संध्याकाळी कॉम्प्रेसर बंद. गोठवलेल्या मालाला हे चालतं, कारण उणे १८ च्या जागी उणे २१ झालं तर मालाचं काही बिघडत नाही. फळं-भाजी ठेवली असेल तर असं खाली जाता येत नाही, माल गोठणबिंदूखाली गेला की पेशी फुटतात. आणखी एक गोष्ट: खोलीतल्या हवेचं तापमान मालाच्या गाभ्याच्या तापमानापेक्षा फार लवकर वर जातं. अलार्म हवेवर लावलेला असेल तर ऑपरेटर घाबरून पंधरा मिनिटांत कॉम्प्रेसर चालू करतो, माल मात्र ठणठणीत असतो. अशा ठिकाणी मालाच्या पेटीत एक सेन्सर ठेवून दोन आठवडे नोंदी घ्या आणि त्यालाच दाखवा. मग घासाघीस करावी लागत नाही. पाणीपुरवठ्यात टाकी हाच साठा. पहाटेच्या मागणीच्या आधी पातळी परत यायला हवी आणि आगीसाठीचा राखीव साठा कधीच हलवायचा नाही, या दोन अटी पाळल्या की पंपांचे तास बरेच मोकळे होतात.

साठा किती महत्त्वाचा, याचं टोकाचं उदाहरण ॲल्युमिनियम स्मेल्टरचं, म्हणजे विजेवर ॲल्युमिनियम काढणाऱ्या कारखान्याचं. भांड्यातला वितळलेला द्रव हाच तिथला उष्णतेचा साठा, आणि तो काही तासांचाच. १ डिसेंबर २०१६ ला ऑस्ट्रेलियातल्या पोर्टलंड स्मेल्टरची वीज पाचेक तास गेली आणि भांडी गोठली. ती पूर्ववत करायला महिने लागले. म्हणून 'इतका मोठा भार, चार तास बंद करा' हे तिथे चालत नाही. पण जर्मनीत एसेनच्या ट्रिमेट कंपनीने भांड्यांच्या बाहेरून उष्णता सोडण्यावर नियंत्रण आणलं आणि भार सुमारे २५ टक्के वर-खाली नेण्याची सोय केली. दुसऱ्या टोकाला न्यूझीलंडमधलं टिवाई पॉइंट. तिथे प्रश्न संध्याकाळचा नाही, कोरड्या हिवाळ्याचा: धरणं रिकामी होतात. म्हणून मेरिडियन एनर्जी या वीज कंपनीशी झालेल्या करारात स्मेल्टरने गरज पडल्यास १८५ मेगावॅटपर्यंत भार कमी करायचा, तोही कित्येक महिने, असं ठरलं. २०२४ च्या हिवाळ्यात ते खरंच वापरलं गेलं. पूर्ण क्षमतेवर यायला पुढे बरेच महिने गेले. एकाच उद्योगाकडून एक कंपनी तासांची लवचिकता घेते, दुसरी ऋतूची. तुम्हाला कुठली हवी, हे ग्राहकाकडे जाण्याआधी ठरवावं लागतं.

आता आपल्या बाजूचं बघू. तुम्ही 'संध्याकाळचे दोन-तीन तास' म्हणता. वर्षातले किती दिवस? माझ्या अनुभवात हा आकडा नियोजन विभागाने कधीच काढलेला नसतो. वर्षाचे ८,७६० तास मागणीनुसार उतरत्या क्रमाने लावा. बहुतेक ठिकाणी सगळ्यात वरच्या ५०-१०० तासांत आलेख सुळक्यासारखा चढतो. खरं दुखणं तिथेच आहे. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या २२ मोठ्या नियंत्रण क्षेत्रांसाठी हेच गणित मांडलं. नव्या भाराने वर्षभरातल्या आपल्या वापरापैकी फक्त ०.२५ टक्के सोडायची तयारी ठेवली, तर असलेल्या यंत्रणेत सुमारे ७६ गिगावॅट नवा भार बसू शकतो, असं त्यांना दिसलं. आकडा मोठा आहे, पण जपून वापरा. त्यात पारेषण वाहिन्यांच्या मर्यादा धरलेल्या नाहीत. तुमचा अडथळा एखाद्या उपकेंद्राच्या ट्रान्सफॉर्मरवर असेल, तर दुसऱ्या टोकाच्या सिमेंट कारखान्याने मिल थांबवून तुम्हाला काहीही मिळणार नाही. मी असे पैसे वाटले जाताना पाहिले आहेत. म्हणून आधी दोन याद्या करा: पूर्ण यंत्रणेच्या पीकसाठी कोण उपयोगी, आणि कुठल्या फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवर) कोण. दुसरी यादी छोटी निघते, पण जास्त किमतीची.

तिसरी यादीही करून ठेवा: भार वाढवू शकणाऱ्यांची. दुपारी सौरऊर्जा जास्त होते आणि ती कापावी लागते, तेव्हा सायलो आणि टाक्या भरून घेणारा ग्राहक तितकाच कामाचा. ग्राहकाला ही विनंती आवडते, कारण कुणीतरी पहिल्यांदाच त्याला 'जास्त चालवा' म्हणत असतं.

दराकडे आता वळू. वेळेनुसार बदलणारा दर हा पाया आहे, तो असायलाच हवा. पण रोजच्या सवयीपलीकडे तो पोचत नाही. वरच्या त्या ५०-१०० तासांसाठी वेगळा करार लागतो, आणि त्यात आपल्यालाही बांधून घ्यावं लागतं. वर्षात जास्तीत जास्त किती वेळा बोलावणार, एका वेळी किती तास, सलग किती दिवस, किती आधी सांगणार. ग्राहकाला पैशापेक्षा या चार गोष्टींची भीती जास्त असते. आकडा अमर्याद ठेवलात तर तो स्वतःच्या मनात सगळ्यात वाईट आकडा धरतो आणि सही करत नाही.

याची दुसरी बाजूही पाहिलेली आहे. 'तोडता येण्याजोगा पुरवठा' म्हणून स्वस्त दर द्यायचा आणि वर्षानुवर्षं कधीच तोडायचा नाही. ग्राहक सवलत ही हक्काची समजतो, तोडायची पाळी येऊ शकते हे विसरतो, ज्या इंजिनिअरने सही केली तो निवृत्त होतो. मग एक दिवस बोलावणं येतं. कॅलिफोर्नियात २०००-०१ च्या वीजटंचाईत हेच झालं: वर्षानुवर्षं सवलत घेणाऱ्यांना एकाच हंगामात वारंवार तोडावं लागलं आणि अनेकांनी योजनेतून बाहेर पडायची मागणी केली. म्हणून गरज नसतानाही वर्षातून दोनदा खरी चाचणी घ्या, पैसे देऊन घ्या, आणि एकदा तरी रात्रपाळीत घ्या. पहिल्या चाचणीत निम्मा भार हलला तरी समाधान माना. नियंत्रण कक्षाने योजनेत तेवढाच धरावा, करारातला आकडा नाही.

बिलाच्या बाबतीत एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलो आहे. एका रसायन कारखान्याने आमच्या सांगण्यावरून संध्याकाळी दोन तास कॉम्प्रेसर थांबवले. सूचना संपल्यावर सगळे एकदम चालू केले, शिवाय राहिलेलं काम भरून काढायला पूर्ण जोरात चालवले. त्या पंधरा मिनिटांत त्यांची कमाल मागणी करार मागणीच्या (करारात ठरलेल्या कमाल भाराच्या) वर गेली. महिनाअखेरीला प्रोत्साहनाची रक्कम एका कागदावर आणि त्या कमाल मागणीमुळे वाढलेला मागणी आकार दुसऱ्या कागदावर. वर्क्स मॅनेजरने दोन्ही माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले, काही बोलले नाहीत. मदत केल्याचा दंड आम्हीच लावला होता. तेव्हापासून करारात दोन कलमं घालतो: घटनेनंतरच्या ठरावीक तासांतली कमाल मागणी बिलात धरायची नाही, आणि यंत्रं टप्प्याटप्प्यानेच परत आणायची. दुसरं कलम आपल्यासाठीही गरजेचं आहे, नाहीतर सात वाजता टाळलेलं पीक नऊ वाजता उभं राहतं. आणि हे बिलिंगच्या संगणकात खरंच बसवलंय का ते पहिल्या बिलाआधी तपासा. कलम लिहिणारा विभाग आणि बिल काढणारा विभाग यांची गाठभेट क्वचितच होते.

मोजमापावरून भांडणं होतात ती आधाररेषेवरून, म्हणजे 'बोलावलं नसतं तर किती वापरलं असतं' या काल्पनिक आकड्यावरून. सोपी पद्धत अशी: आधीच्या दहा तशाच दिवसांची त्याच तासांची सरासरी, आणि त्या दिवशीच्या सकाळच्या वापराप्रमाणे थोडी दुरुस्ती. पण दुरुस्ती घेतलीत की सूचना मिळाल्यानंतरचा वापर त्यात धरू नका, नाहीतर आधी मुद्दाम वाढवून नंतर कमी केल्याचे पैसे द्याल. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमध्ये स्वतःचं जनित्र असलेल्या एका कागद कारखान्याने आधाररेषा ठरवायच्या दिवसांत जनित्र कमी चालवून ग्रीडमधून जास्त वीज घेतली आणि नंतर 'कपात' दाखवली. प्रकरण नियामकापर्यंत गेलं. जिथे जनित्र आहे तिथे त्यावर वेगळं मीटर हवंच. आणि ज्यांचा भार रोज वेडावाकडा असतो, उदाहरणार्थ आर्क फर्नेस, त्यांच्यासाठी आधाररेषेच्या भानगडीत न पडता 'या तासांत अमुक मेगावॅटच्या वर जाणार नाही' एवढंच ठरवा. मोजायला सोपं, भांडायला जागा नाही.

किती यंत्रणा लावायची? दिवसभर आधी सूचना देणार असाल तर फोन आणि पंधरा मिनिटांचं मीटर पुरतं. खरंच पुरतं. दहा मिनिटांच्या सूचनेला ओपनएडीआरसारखी स्वयंचलित संदेशप्रणाली आणि मिनिटागणिक मोजमाप लागतं. सेकंदांत हवं असेल तर माणूस मध्ये नकोच. टेक्सासच्या ग्रीडमध्ये कित्येक औद्योगिक भार वारंवारता नेहमीच्या ६० वरून ५९.७ हर्ट्झवर येताच रिलेने (आपोआप चालणाऱ्या स्विचने) सुटतात आणि राखीव क्षमता म्हणून पैसे मिळवतात. सुरुवात मात्र फोनपासून करा. पहिल्या वर्षीच सॉफ्टवेअर घेतलेली एक योजना मला माहीत आहे, तिचा पडदा फार सुंदर होता आणि त्यावर एकच ग्राहक दिसायचा.

आता डेटा सेंटरचा अर्ज. इथे तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी जुन्या ग्राहकांच्या बाबतीत नव्हती: जोडणीची तारीख. या उद्योगाला सवलतीपेक्षा वीज दोन वर्षं आधी मिळणं जास्त मोलाचं. म्हणून 'पूर्ण हमीचा पुरवठा, नवीन वाहिनी झाल्यावर' आणि 'लवकर जोडणी, पण वर्षातले ठरावीक तास आम्ही सांगू तेवढाच भार' असे दोन पर्याय समोर ठेवा. नेदरलँड्समध्ये टेनेट कंपनीने २०२५ पासून वर्षातल्या ८५ टक्के तासांची हमी देणारी जोडणी द्यायला सुरुवात केली आहे. टेक्सासने त्याच वर्षी कायदा केला आणि ७५ मेगावॅट व त्यावरच्या नव्या भारांना आणीबाणीत कमी करता येण्याची सोय बंधनकारक केली.

'आमचा सर्व्हर एक क्षणही थांबू शकत नाही' असं ते म्हणतील. परत तोच प्रश्न विचारा: साठा कशाचा? वापरणारा माणूस पलीकडे वाट बघतोय ती कामं थांबत नाहीत, बरोबर. पण मॉडेल प्रशिक्षणासारखी लांब कामं मधल्या टप्प्यावर जतन करून मंदावता येतात. कामाची रांग हाच तिथला सायलो. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्समध्ये एमराल्ड एआय या कंपनीने २५६ जीपीयूंच्या (एआयसाठी वापरल्या जाणाऱ्या चिपच्या) समूहावर तीन तास २५ टक्के वीज कमी करून दाखवली. त्याच वर्षी गुगलने इंडियाना मिशिगन पॉवर आणि टीव्हीए (टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी) या वीज कंपन्यांशी मशीन लर्निंगची कामं पुढे-मागे करण्याचे करार केले. प्रयोग लहान आहेत, पण 'अशक्य' हा शब्द आता चालणार नाही. मात्र डेटा सेंटर बांधणारा आणि सर्व्हर वापरणारा हे पुष्कळदा वेगळे असतात. बांधणारा 'हो' म्हणेल आणि रांग त्याच्या हातातच नसेल. भाडेकरूच्या करारात ही अट उतरली आहे का ते आधी पाहा. डिझेल जनित्रांवर जाऊ म्हणाले तर प्रदूषणाच्या परवान्यात वर्षाला किती तास आहेत ते कागदावर मागा. तो आकडा ऐकून बरेचदा संभाषण परत रांगेकडे वळतं.

आणि एक गोष्ट, जिचा प्रश्नात उल्लेख नाही. आपण भार कमी कसा होईल याच्या मागे असतो, पण तो न सांगता गेला तर? १० जुलै २०२४ ला व्हर्जिनियात २३० केव्ही वाहिनीवरचा एक लाइटनिंग अरेस्टर (विजेच्या कडकडाटापासून वाहिनी वाचवणारं उपकरण) निकामी झाला. वाहिनी पुन्हा पुन्हा जोडायचा प्रयत्न झाला तसे दीडेक मिनिटात सहा व्होल्टेज झटके बसले. डेटा सेंटरच्या यूपीएसमध्ये 'मिनिटात तीन झटके मोजले की बॅकअपवर जा आणि तिथेच थांबा' अशी मांडणी होती. सुमारे १,५०० मेगावॅट भार एकदम गेला, ग्रीडची वारंवारता आणि व्होल्टेज वर चढलं, आणि भार परत आणायला माणसांना हातांनी जोडावं लागलं. त्यामुळे तुमच्या अर्जदाराबरोबरच्या पहिल्या तांत्रिक बैठकीत त्यांच्या यूपीएसची सेटिंग्ज टेबलावर मागा: किती व्होल्टेज किती मिलिसेकंद सहन करणार, किती झटक्यांनंतर सुटणार, आणि परत येताना मिनिटाला किती मेगावॅटने येणार. ही माहिती जोडणी झाल्यावर मागितली तर 'उत्पादकाला विचारून सांगतो' असं उत्तर मिळतं आणि मग काहीच येत नाही. जोडणीच्या आधी मागितली तर दोन आठवड्यांत येते.

बाकी ज्या दोघांनी तुमच्या पत्राला उत्तर दिलं, त्यांच्याकडे याच आठवड्यात जा. गेटवर नाव सांगताना लेखा विभागाचं सांगू नका, शिफ्ट इन्चार्जचं सांगा.